म्युनिकहून एका दिवसाची रेल्वेसहल आखताना

म्युनिकहून साल्झबुर्ग, किंवा नॉयश्वानश्टाइन किल्ल्यासाठी फ्युसेन, अशी एका दिवसाची सहल करायची असेल, तर आधी बायर्न तिकिटाचा, म्हणजे बव्हेरिया (जर्मनमध्ये बायर्न) राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांच्या एका दिवसाच्या तिकिटाचा, विचार करावा. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो आणि दर माणशी वाढणारी रक्कम थोडीच असते. शिवाय साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही ते तिथवर चालते. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते, आणि आयसीई किंवा रेलजेटसारख्या जलद गाड्यांत मुळीच चालत नाही. त्यामुळे गाडी शोधताना ‘फक्त प्रादेशिक गाड्या’ हा पर्याय निवडावा आणि तिकिटावर प्रवाशांची नावे न विसरता लिहावीत.

मुख्य स्थानकावर थोडा वेळ हाताशी ठेवावा. फलाट ५ ते १० आणि २७ ते ३६ हे मुख्य इमारतीच्या दोन बाजूंना इतके आत आहेत, की सामान घेऊन तिथवर चालण्यातच गाडी चुकू शकते. टेगर्नझे तलावाला जाणाऱ्यांनी तर डबाही नीट पाहून घ्यावा, कारण एकत्र सुटणाऱ्या गाडीचे वाटेत होल्झकिर्शेन आणि शाफ्टलाख इथे भाग वेगळे होतात. डब्यावरच्या पाटीवर ‘टेगर्नझे’ लिहिलेले नसेल, तर गप्पांच्या नादात आपण लेंगग्रीसला उतरतो. गाव तेही सुंदर आहे, पण तलाव तिथे नाही.