हात पुढे करण्याआधी

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) भेटसेवेत, आजारी आणि एकट्या माणसांना घरी जाऊन भेटण्याच्या कामात, नव्याने येत असाल तर आधी माझी फजिती ऐका. पहिल्याच भेटीत मी एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे गेले आणि प्रार्थनेला सुरुवात करताना त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी डोळे गच्च मिटले. मला वाटलं, भक्तिभाव. 'आमेन' झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सोड गं आता बोटं, सांधे सुजलेत माझे."

घरी येऊन बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 1ला अध्याय पुन्हा काढला. येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, हे आपण नेहमी ऐकतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने छावणीबाहेर एकटं राहायचं आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं. त्याला हात लावणं ही लहान गोष्ट नव्हती. येशूला कळवळा आला, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आपणही 'आतडं तुटतं' म्हणतोच. पण माझ्या नजरेतून निसटला होता तो क्रम. आधी तो माणूस स्वतः जवळ आला, 'तुमची इच्छा असेल तर' म्हणाला, मग हात पुढे झाला. बेथेसदाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेल्यालाही आधी प्रश्नच: बरं व्हायचंय का? आंधळ्या बार्तिमयलासुद्धा विचारलंच, तुझ्यासाठी काय करू? त्याला काय हवं असणार ते उघड दिसत असूनही.

तेव्हापासून मी विचारते. "हात धरू का?" एवढंच. किंवा तळवा वर करून पांघरुणाच्या कडेवर ठेवते आणि थांबते. काहींना स्पर्श नकोच असतो. कारण विचारायचं नाही. डोळ्यांनी दिसत नसेल तर आधी आवाज द्या. हात धुऊन जा, खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसा, न विचारता पलंगावर टेकू नका. शक्यतो दोघांनी जा. तेल लावून प्रार्थना करणं याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांकडे सोपवलंय, तेव्हा पाळकांना (पास्टरना) विचारल्याशिवाय तेलाची बाटली काढू नका.

मत्तय 25 मधलं 'समाचारास आलात' मला फार आवडतं. पण मराठीत 'समाचार घेणे' याचा दुसराही अर्थ आहे आणि काही जण बिचाऱ्या आजाऱ्याचा तोच घेतात: उपासनेला का येत नाही, औषध का चुकवलं! त्याहून वाईट म्हणजे घरात ऐकलेलं 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सगळ्या मंडळीपुढे मांडणं. त्या माणसाने तसं सांगितलं नसेल तर तोंड बंद. आणि 'येईन हं परत' हे नक्की येणार असाल तरच म्हणा. एकटा माणूस वार मोजत बसतो.

आजींकडे मी दर गुरुवारी जात राहिले. दोन भेटींत हात लांबच ठेवला. चौथ्या गुरुवारी त्यांनी फणी माझ्या मांडीवर टाकली आणि पाठ फिरवून बसल्या. "वेणी घालता येते ना तुला? माझी बोटं वळत नाहीत."