सहकाऱ्याची मेल क्यूमध्ये का येत नाही? डायनॅमिक्स ३६५ मधली जुळवाजुळव

ग्राहकाने सपोर्टच्या पत्त्यावर मेल टाकली की डायनॅमिक्स ३६५ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सिस्टिममध्ये), केस म्हणजे तक्रारीची नोंद उघडते. त्याच पत्त्यावर विक्री विभागातल्या कुणी लिहिलं, तर मात्र कधीकधी काहीच हालत नाही. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. पाठवणारा स्वतःच सीआरएमचा वापरकर्ता असतो, आणि अशा अंतर्गत मेलचं काय करायचं हे सिस्टिमला वेगळं सांगावं लागतं.

आधी क्यू, म्हणजे आलेल्या मेलची रांग, तयार करा. 'इनकमिंग ईमेल'मध्ये पत्ता भरा आणि प्रकार (सार्वजनिक की खाजगी) निवडा. खाजगी क्यू फक्त तिच्या सदस्यांना दिसते, त्यामुळे एचआरच्या तक्रारींना तीच बरी. पत्त्यासाठी एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या मेल सेवेतली शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायची) मेलबॉक्स चालते. ५० जीबीपर्यंत तिला वेगळा परवाना लागत नाही. क्यू सेव्ह केली की सीआरएममध्ये तिची मेलबॉक्स नोंद आपोआप बनते.

ती नोंद उघडा. येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही मेलसाठी सर्व्हर-साइड सिंक (मेल सर्व्हर आणि सीआरएम यांचा थेट मेळ) निवडा, मग 'अप्रूव्ह ईमेल' दाबा. त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात. आता 'टेस्ट अँड एनेबल मेलबॉक्स'. पण पत्ता जुना असेल तर जरा थांबा, आणि 'प्रोसेस ईमेल रिसीव्ह्ड आफ्टर'मध्ये आजची तारीख टाका. नाहीतर पडून असलेल्या जुन्या मेलसुद्धा आत ओढल्या जाऊ शकतात, आणि त्या निस्तरण्यात आठवडा जातो. शेजारचा 'डिलीट ईमेल्स आफ्टर प्रोसेसिंग' बंदच ठेवा. मूळ प्रत हाताशी असलेली बरी.

पुन्हा क्यूवर या. कोणत्या मेलची ॲक्टिव्हिटी (सीआरएममधली नोंद) बनवायची, हा प्रश्न तिथे आहे. 'लीड, कॉन्टॅक्ट आणि अकाउंट यांच्याकडून आलेल्या' (म्हणजे संभाव्य ग्राहक, नोंदलेल्या व्यक्ती आणि कंपन्या) हा पर्याय नीटनेटका वाटतो, पण सहकारी या तिन्हींत बसत नाही आणि गाळला जातो. 'ऑल ईमेल मेसेजेस' निवडा. स्पॅमही येईल, पण तो एक्स्चेंजच्या दारातच अडवायचा असतो.

आता खरी मेख. पॉवर प्लॅटफॉर्म ॲडमिन सेंटरमध्ये आपलं एन्व्हायर्नमेंट (आपल्या सीआरएमची जागा) उघडून सेटिंग्जमधल्या 'ईमेल' गटात 'ईमेल ट्रॅकिंग'वर जा. वापरकर्त्यांमधल्या मेलची नोंद दोन ॲक्टिव्हिटी म्हणून ठेवायची का, असा पर्याय तिथे असतो. तो बंद असेल तर पाठवणाऱ्याची एकच नोंद राहते, क्यूसाठी वेगळी 'आलेली' मेल बनत नाही. मग केस कशाच्या जोरावर उघडणार? तो चालू करा. फक्त हे लक्षात घ्या की तो एका क्यूपुरता नाही, सगळ्या संस्थेला लागू होतो. दोन सहकाऱ्यांमधली मेलही टाइमलाइनवर दोनदा दिसू लागते. आयटी हेल्पडेस्क सीआरएमवर चालत असेल तर हे सोसावं. महिन्याला दोन-चार अंतर्गत मेल येत असतील तर केस हाताने उघडलेली परवडते.

मेल क्यूत आली तरी केस बनेलच असं नाही. केसच्या 'कस्टमर' रकान्यात अकाउंट किंवा कॉन्टॅक्टच बसतो, वापरकर्ता नाही. म्हणून स्वतःच्या कंपनीचं एक अकाउंट बनवा, आणि आपोआप केस बनवणाऱ्या नियमात अंतर्गत मेलसाठी तेच भरलं जाईल अशी सोय करा.

याच नियमात 'आपली मेल मिळाली' असं उत्तर जात असेल तर सावध. सपोर्ट आणि बिलिंग अशा दोन क्यू एकमेकींना पोच देऊ लागल्या, तर रात्रभर पोचपावत्यांचा पाऊस पडतो. अंतर्गत पत्त्यांना आपोआप उत्तर जाणार नाही अशी अट घाला.

चाचणी दोन्ही वाटांनी करा: एक मेल आउटलुकमधून, एक थेट सीआरएममधून. आउटलुकची पोहोचली आणि सीआरएमची नाही, तर आधी ईमेल ट्रॅकिंगचा पर्याय पाहा. दोन्ही हरवल्या तर मेलबॉक्स नोंदीवरचे अलर्ट वाचा. तिथेही काही नसेल, तर कुणी आउटलुकमध्ये रूल लावून मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवत नाही ना, ते बघा.