कोल्हापूर परिसरातील पक्ष्यांमधील बदल कसे नोंदवावेत

एका सकाळच्या मोजणीवरून पक्षी घटले की वाढले हे सांगता येत नाही. त्यासाठी ठरावीक जागी, ठरावीक वेळी, अनेक वर्षे मोजणी करावी लागते. प्रथम निरनिराळे अधिवास निवडावेत: रंकाळा किंवा कळंबा तलावाचा काठ, पंचगंगेकाठचे उसाचे रान, मसाई पठारासारखा मोकळा माळ आणि शक्य असल्यास दाजीपूरचे जंगल. प्रत्येक ठिकाणी कायमचा बिंदू ठरवून, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत 15 मिनिटे दिसलेले व ऐकू आलेले सर्व पक्षी संख्येसह लिहावेत. वारकरी, टिबुकली, साळुंकी असे नेहमीचे पक्षीही वगळू नयेत, कारण घट बहुधा ओळखीच्या पक्ष्यांमध्येच उशिरा लक्षात येते.

उसाच्या शेतात विशेष सावध राहावे. ऊस वाढला की पक्षी आत दडतात आणि तोडणी झाली की ते एकदम नजरेस पडतात. म्हणून पिकाची अवस्था न लिहिता केलेली तुलना फसवी ठरते. तलावावर पाण्याची पातळी, जलपर्णी आणि हिवाळी पाहुण्यांचा काळ नोंदवावा.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी म्हणून, म्हणजे ओळखता आलेला एकही पक्षी न वगळता, भराव्यात. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या 2023 च्या अहवालाला अशाच नोंदींचा आधार होता आणि त्यात गवताळ, मोकळ्या प्रदेशांतील पक्ष्यांची घट ठळकपणे दिसली. त्यामुळे वेळ कमी असेल, तर मी माळावरच्या चंडोलांची मोजणी आधी करण्यास सुचवेन.