पोर्टवाला सबवूफर बॉक्स किती हर्ट्झला ट्यून आहे ते मल्टिमीटरने शोधा

रेडिमेड पोर्टेड (हवा जायला भोक असलेला) बॉक्स घेतला की त्याचं ट्युनिंग, म्हणजे त्याचा पोर्ट कोणत्या हर्ट्झला घुमतो, किती ते दुकानदारही सांगू शकत नाही, मग अँपचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे हर्ट्झ कापणारा) आपण नुसता अंदाजाने फिरवत बसतो. घरीच मोजता येतं.

१. अँपची प्लस वायर आणि सब यांच्यामध्ये १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. बास बूस्ट आणि सबसॉनिक बंद, लो पास (वरचे हर्ट्झ कापणारा फिल्टर) एकदम वर.

२. मोबाईलच्या टोन जनरेटरवर ५० हर्ट्झ लावा, अँपच्या आउटपुटला ४ व्होल्ट एसी येईल एवढाच आवाज ठेवा, मग त्याला हात लावू नका.

३. आता मीटर सबच्या टर्मिनलवर धरा आणि १५ पासून ८० हर्ट्झपर्यंत एकेक करत चढत जा, घाई नको, कारण व्होल्टेज आधी चढतं मग उतरतं मग परत चढतं आणि त्या दोन चढांच्या मधला सगळ्यात खोल खड्डा ज्या हर्ट्झला येतो तेच तुमच्या बॉक्सचं ट्युनिंग. (सील्ड, म्हणजे बिनपोर्टच्या बंद बॉक्सला एकच चढ दिसेल.)

सबसॉनिक त्याच्या ३-४ हर्ट्झ खाली लावा.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, त्या खड्ड्यात इम्पिडन्स (एसी सिग्नलला सबचा होणारा विरोध) जवळजवळ कॉइलच्या डीसी रेझिस्टन्सएवढाच उरतो, ४ ओहमच्या सबला साडेतीनच्या आसपास. म्हणून ‘बॉक्समध्ये इम्पिडन्स वाढतोच की’ असं धरून २ ओहम स्टेबल (कमीत कमी २ ओहमच झेपणाऱ्या) अँपला १ ओहमचं वायरिंग अजिबात करू नका.