भिंतीवर सुझानी, पाठीवर बुरशी: गोव्यातल्या घरात या चुका टाळा

चवथीच्या साफसफाईला आमच्या डिचोलीच्या घरातली सुझानी, म्हणजे भरतकामाचा कपडा, भिंतीवरून उतरवली. समोरून ती तशीच होती, डाळिंबी फुलं, हिरव्या वेली. उलटून पाहिली तर पाठीवर हिरवट-काळ्या ठिपक्यांचा नकाशा. उझबेकिस्तानात मुलीच्या लग्नासाठी घरातल्या बायका भरतात तो कपडा आणि मी तो नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला ठोकून ठेवला होता, जिथे जून ते सप्टेंबर पाऊस थेट आपटतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्या भिंतीक आम्ही देवाचं कॅलेंडरसुद्धा लावत नाही गो."

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. चिरा, म्हणजे आपल्या भिंतींचा जांभा दगड, सच्छिद्र असतो. तो बाहेरचं पाणी शोषतो, पायातूनही वर ओढतो. कपडा भिंतीला चिकटला की मधली हवा कोंडते आणि ओल कपडाच पितो. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू शकते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८५-९० च्या आसपास रेंगाळते. म्हणून कापडी वस्तू माजघराच्या किंवा राजांगणाकडच्या, म्हणजे घरातल्या चौकाकडच्या, आतल्या भिंतीवर लावा. वरच्या कडेला मागून सुती पट्टीची नळी शिवून घ्या, तिच्यातून काठी घाला आणि ती भिंतीपासून इंचभर पुढे राहील अशा खुंट्यांवर टेकवा. खिळे कापडातून कधीच नको. सगळा भार दोन भोकांवर येतो आणि तिथेच कापड फाटत जातं. चौकटीतल्या वारली किंवा मधुबनी चित्रांच्या मागेही चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड, हवा.

भिंतीवर पांढरं काही फुललेलं दिसलं की लोक घाबरतात. आधी त्यावर पाणी शिंपडून बघा. विरघळलं तर तो क्षार, चिऱ्यातून आणि गिलाव्यातून बाहेर आलेला. न विरघळता कुबट वास मारत राहिलं तर बुरशी. क्षारावर घट्ट ऑइल पेंट मारून तो झाकायला जाऊ नका, ओल आत अडते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. आपल्या देवळांतली कावी कला बघा: चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढतात. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. तीच नक्षी प्लास्टिक इमल्शनवर रंगवून "कावी" म्हणणारे बघितले की मला हसू येतं. आणि चवथीपूर्वी घाईने रंग दिलेली भिंत नीट सुकेपर्यंत तिच्यावर काहीही टांगू नका.

बुरशी आलीच तर? ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. ओलीने ती आणखी पसरते आणि डाग धाग्यात जातो. मोकळी हवा असलेल्या जागी, कडक उन्हाबाहेर, कपडा पूर्ण सुकू द्या. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेरच, मऊ ब्रशने एकाच दिशेने हलकेच झाडा. माझ्या सुझानीची बुरशी अशी निघाली, डाग मात्र राहिले.

पावसाळाभर ठेवायची पद्धतही बहुतेकांची उलटी असते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ट्रंकेत टाकतात. आतली ओल आतच राहते. घडीच्या रेघेवर रेशीम तुटतं. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेलं मलमल गुंडाळा, मग भरतकामाची बाजू बाहेर ठेवून कपडा, वरून पुन्हा मलमल. डांबराच्या गोळ्या कपड्याला थेट टेकवू नका. मी सुकवलेला कडुलिंब आणि वेखंडाच्या तुकड्यांच्या पुरचुंड्या ठेवते आणि पाऊस उघडला की उघडून बघते. किलीम, म्हणजे विणलेली सतरंजी, अशा लोकरी वस्तूंना कसर लागते ती अंधारात आणि धुळीत, म्हणून त्या अधूनमधून झटकल्या नाहीत तर पुरचुंडीही वाचवत नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात. संग्रहालयांत कापडावर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात आणि आपण बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, पश्चिमेच्या उन्हात फुलकारी सोडून देतो. उडालेला रंग परत येत नाही. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या काढून साधी काच बसवली असेल तर तिथे पडदा लावाच.

आता खरेदी. एका दुकानात मला यंत्रावर भरलेली चादर हाताची म्हणून गळ्यात मारली होती, कारण मी फक्त समोरून पाहिली. वस्तू उलटा. हाताच्या कामाच्या पाठीवर गाठी असतात, धागे एका फुलाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतात. जुन्या पद्धतीची सुझानी अरुंद पट्ट्यांवर वेगवेगळ्या हातांनी भरून मग जोडतात, त्यामुळे जोडावर फुलं किंचित सरकलेली दिसतात. तो दोष समजून सोडू नका. पनामाच्या गुना बायकांच्या मोला म्हणजे एकावर एक ठेवलेली कापडं कापून, कडा दुमडून शिवलेली असतात. कडेवर बारीक टाके दिसले नाहीत आणि रंग नुसते छापलेले असतील तर ती मोला नव्हे. लाकडी ठशांनी हाताने केलेल्या छपाईत जोडणी कुठेतरी चुकतेच.

धुताना मीठ-व्हिनेगर घालून "रंग पक्का" करायचा सल्ला शेजारून मिळेलच. एकदा रंगवून झालेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. ओलं पांढरं फडकं एका कोपऱ्यावर दाबून बघा. रंग उतरला तर घरी धुवूच नका. न उतरणारं साधं सुती कापड रिठ्याच्या पाण्यात, वेगळं, न पिळता धुवा. लमाणी भरतकामात आरसे, कवड्या, नाणी असतात. त्यांचं भिजवणं नकोच.

एक चूक तंत्राची नाही, समजेची आहे. गुजरातची माता नी पछेडी हे देवीच्या स्थानासाठी रंगवलेलं कापड. ते मी जेवणाच्या टेबलावर अंथरलेलं पाहिलंय, वर माशाची कढी. तिबेटी थांका, म्हणजे बौद्ध पूजेचं कापडी चित्र, न्हाणीघराच्या दारावरही. कुठली वस्तू मुळात कुठे असायची हे विकणाऱ्याला विचारा. तुमच्या देव्हाऱ्याचं कापड कुणी ताटाखाली घातलेलं तुम्हाला चालेल का?

लाकडी मुखवट्याखाली बारीक पिवळसर भुसा पडत असेल तर आत भुंगेरा आहे. भुसा झाडून खाली काळा कागद ठेवा. दोन दिवसांत नवा पडला तर किडा जिवंत. लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरतं. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर फ्रीझर टाळा. माझा मुखवटा फ्रीझरात बांगडा माशांशेजारी पंधरा दिवस होता. सासूबाईंनी तेवढे दिवस फ्रीझर उघडायचं काम मलाच दिलं.