कुत्र्याला घेऊन सीमेपलीकडे: ठाण्यात नव्याने आलेल्यांसाठी

गावाकडून कुत्रा घेऊन ठाण्यात राहायला आलेले लोक दोन-तीन महिन्यांत हमखास एकच प्रश्न विचारतात: अंगणात हुंदडलेलं जनावर दोन खोल्यांत कोंडलंय, एखादा दिवस मोकळं पळवायला याला न्यायचं कुठे? आम्ही मूळचे सोलापूरकडचे, घोडबंदर रोडला येऊन जमाना झाला. माझं उत्तर ठरलेलं आहे. गुजरातच्या सीमेवर जा. येऊर जवळ आहे खरं, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा त्यांना फार आवडतो. लोणावळ्याला रविवारी माणसंच मावत नाहीत.

आधी कागदांचं उरकून घेऊ, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. राज्याची सीमा ओलांडताना स्वतःच्या गाडीतल्या पाळीव कुत्र्याबद्दल आम्हाला आजवर कुणी हटकलेलं नाही. तरीही लसीकरणाचं पुस्तक डॅशबोर्डात असू द्या. परक्या गावात कुत्रा कुणाला चावला, नुसता ओरखडला तरी, पहिला प्रश्न रेबीजच्या इंजेक्शनचा येतो आणि तेव्हा तोंडी उत्तर चालत नाही. हेच पुस्तक दाखवून महापालिकेचा परवानाही काढून टाका. सोसायटीची कमिटी लिफ्टवरून कुरकुर करत असेल, तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सेक्रेटरींच्या हातात ठेवा. पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

आता खरी गोष्ट. ही सहल सीमेवर अडत नाही, घड्याळावर अडते. पहाटे पाचला घरातून निघा. सहानंतर गायमुखच्या घाटात ट्रकांची रांग लागली की फाउंटनपर्यंत, म्हणजे घोडबंदर रोड अहमदाबाद हायवेला मिळतो त्या नाक्यापर्यंत, पोहोचायलाच तास मोडतो आणि पुढचं सगळं उन्हात सरकतं. वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडून अहमदाबाद हायवेला लागलात की मनोर, मग चारोटी.

पहिल्या खेपेला दमण नको. चारोटी नाक्याला हायवे सोडून डहाणू गाठा, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने घोलवड आणि बोर्डी. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, लांबलचक सपाट वाळू. बोर्डीपुढचं झाई हे आपल्याकडचं शेवटचं गाव, त्यापलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. सीमा ओलांडल्याचं कुत्र्याला कळत नाही, आपल्याला पाट्यांवरची लिपी बदलल्यावर कळतं. त्याला गाडीत उलटी होते का, परक्या कुत्र्यांशी कसं वागतो, हे सगळं या छोट्या फेरीत समजतं. ते जमलं की पुढच्या वेळी तलासरी, अच्छाड, वापी करत दमण.

समुद्रावर जायचं तर पंचांग बघा. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीन. भरती तीनच्या सुमारास, त्यामुळे ओहोटी सकाळी नऊला. वर गुजरातकडे ही वेळ मुंबईपेक्षा थोडी पुढे सरकते. तृतीया-चतुर्थीच्या आसपासचा रविवार पकडलात तर सकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि घट्ट ओली वाळू मिळते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी उधाण, तेव्हा लांब दोरीशिवाय सोडूच नका. दमणला देवक्याचा किनारा खडकाळ आहे, ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांवर पंजे कापतात. मोटी दमणकडचं जांपोर बरं, पण सकाळीच. नंतर गर्दी वाढते.

समुद्राचं पाणी त्याला पिऊ देऊ नका. खेळता खेळता चार घोट गेले की उलट्या-जुलाब ठरलेले, आणि ते परतीच्या वाटेवर तुमच्या सीटवर. पाच लिटरचा कॅन आणि एक स्टीलची थाळी न्या, दर पंधरा मिनिटांनी पाणी दाखवा.

दहा-साडेदहाला आवरतं घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा घाम सुटत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. दमट हवेत ते पुरत नाही. पग आणि बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्यांचं तर मुळीच भागत नाही, त्यांना मार्च ते जूनमध्ये नेऊच नका. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजणार.

जेवणाचा घोळ इथेच होतो. हॉटेलवाले कुत्र्याला आत घेत नाहीत, मग ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून लोक त्याला गाडीत बंद करून जातात. बाहेर तीस अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत चाळीस होतात, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. डबा न्या, किंवा पाळीपाळीने जेवा. आपल्या ताटातली कांदाभजी त्याला देऊ नका, कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो. अकराच्या आत परतीला लागलात की भर दुपार एसीत जाते आणि संध्याकाळी वर्सोव्याला होणारी कोंडीही चुकते.

दमणला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कुत्र्याशी हिचा संबंध नाही. दमण केंद्रशासित, तिथे दारू खुली आणि स्वस्त, पण तिथून बाहेर पडलात की लगेच गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. नाक्यावर डिकी उघडायला लावतात. एक बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो आणि गाडीही अडकू शकते. मागच्या सीटवर ओला, वाळूने माखलेला कुत्रा आहे म्हणून पोलीस लांबून सोडतील हा गैरसमज. आमच्या भुऱ्याने काचेवर भुंकून भुंकून थुंकी उडवली, हवालदाराने शांतपणे डिकी बघितली, टॉवेल उचलून खाली बघितलं आणि मग म्हणाला, ‘डाह्यो छे.’ त्याला कुठला शहाणपणा दिसला कोण जाणे.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि अंग कोरडं करून गोचीड शोधा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातून फिरवलं असेल तर हे टाळायचं नाही. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालचा भाग, काखा, शेपटीचं मूळ आणि बोटांच्या बेचक्या. बेचकीत तिळाएवढं काळं दिसतं, मळ वाटतो, बोट फिरवलं तरी हलत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचं. रॉकेल, तेल, काडी, काही लावायचं नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जेवण टाकलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर उद्या बघू म्हणू नका. डॉक्टरांना लक्षणांआधी सहलीचं सांगा, म्हणजे ते गोचीडतापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घेतील.