शॉकमधला इको: या चुका टाळा

कार्डिओजेनिक शॉकच्या (हृदय कमी पडल्याने रक्तपुरवठा ढासळलेल्या) पेशंटवर इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब ठेवला की नव्या रेसिडेंटची नजर आधी इएफवर (इजेक्शन फ्रॅक्शन) जाते. ‘पंपिंग चांगलं आहे’ म्हणायचं आणि जेल पुसायचं. या घाईची मला मनापासून चीड आहे. डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडलं एवढंच इएफ सांगतो. ते पुढे महाधमनीत गेलं की मागे फिरलं, हे त्यातून कळत नाही.

एका रात्री इन्फिरिअर एमआयचे (हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक) एक काका आले. वरचं बीपी ८०, पाय गुडघ्यापर्यंत गार. इएफ ६०. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पांढरा, म्हणून न्यूमोनिया आणि सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर बिघाड) ठरवून दोन तास सलाइन चाललं होतं. कलर डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा इको) मायट्रलची, म्हणजे डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, गळती किरकोळ वाटत होती. मी एलव्हीओटीचा (डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनीकडे जाणारी वाट) व्हीटीआय काढला, म्हणजे एका ठोक्यात रक्त त्या वाटेने किती अंतर पुढे सरकतं ते. ९ सेंटीमीटर! नॉर्मल साधारण १८ ते २२ असतो. हृदय इतकं जोरात आवळतंय, मग रक्त जातंय कुठे? पुन्हा झडपेवर आले, तर झडपेला धरून ठेवणाऱ्या पॅपिलरी स्नायूचा तुटलेला तुकडा लेफ्ट एट्रिअममध्ये (डाव्या वरच्या कप्प्यात) उसळत होता. गळती अचानक झाली की एट्रिअममधला दाब झपाट्याने चढतो आणि कलरचा जेट फसवा, छोटा दिसतो. काका रात्रीच सर्जरीला गेले. ते दोन तास मला अजून टोचतात.

व्हीटीआय काढतानाही घाई नडते. कर्सर प्रवाहाला तिरका पडला की आकडा खोटा कमी येतो आणि विनाकारण डॉब्युटामीन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) वाढतं. मी इकोच्या फाइव्ह चेंबर आणि थ्री चेंबर, दोन्ही दृश्यांत घेते आणि स्वच्छ रेघेचा मोठा आकडा धरते. सॅम्पल (वेग मोजायची खूण) महाधमनीच्या झडपेच्या अर्धा ते एक सेंटीमीटर खाली ठेवा.

एलव्हीओटीचा व्यास दर वेळी नव्याने मोजू नका. एका ठोक्याचं रक्त म्हणजे एलव्हीओटीचं क्षेत्रफळ गुणिले व्हीटीआय, आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग होतो: १.८ ऐवजी २ सेंटीमीटर धरलात तर क्षेत्रफळ २.५४ चं ३.१४ होतं. मी पहिल्या दिवशी नीट मोजून केसपेपरवर लिहिते, पुढे फक्त व्हीटीआय बघते.

एएफ (ठोके अनियमित पडणं) असेल तर एका ठोक्यावर विसंबू नका, निदान पाचांची सरासरी घ्या.

डॉब्युटामीन वाढवल्यावर बीपी आणखी पडलं, तर डोस चढवण्याआधी एलव्हीओटीत अडथळा तयार झालाय का ते बघा.

आणि व्हीटीआयशेजारी पल्स, बीपी आणि औषधांचा वेग लिहाच. नॉरॲड (रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध) वाढवून बीपी ९० झालं, पण व्हीटीआय ११ वरून ८ वर आला, पल्स तीच, तर पुढे जाणारं रक्त घटलंय. मॉनिटर बघून खूश होऊ नका, पेशंटच्या पायांना हात लावा.